मनगट दुखते? आधी काम विचारा



आरोग्याच्या पाठांत आपण बहुधा ताप, जुलाब, बाळंतपण, सर्पदंश अशा विषयांवर बोलतो. त्यात जिवाचा प्रश्न असतो, म्हणून ते आधी येतात. या वेळचा विषय तसा नाही. मनगट दुखते म्हणून कोणी दगावत नाही. त्यामुळे त्यासाठी कोणी दवाखान्यात येत नाही, आले तरी शेवटी येते, आणि निघता निघता दारात उभे राहून सांगते, “ताई, हा हात जरा भरून येतो.” पण ज्या घराचे पोट दोन हातांवर आहे, तिथे एक हात निकामी होणे ही लहान गोष्ट नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. महिन्यातून दोन वेळा जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड तालुक्यांतील काही पाड्यांवर जाते. हा पाठ मी तिथल्या कार्यकर्त्यांसाठी, आश्रमशाळेतील शिक्षकांसाठी, आशाताईंसाठी आणि बचत गटातील भगिनींसाठी लिहीत आहे. शहरात राहून संगणकावर दिवसभर काम करणाऱ्या वाचकांनाही तो उपयोगी पडेल, कारण हाड आणि शीर सगळ्यांची सारखीच असते.

मनगटाच्या आत काय होते

मनगटात आठ लहान हाडे असतात. तळहाताच्या बाजूने या हाडांवर एक जाड पट्टा ताणलेला असतो. हाडे आणि पट्टा यांच्यामध्ये जो अरुंद बोगदा तयार होतो, त्यातून बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मोठी शीर जाते. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. बोटे हलवणारे बरेचसे स्नायू कोपराखाली असतात, आणि त्यांची ओढ या दोऱ्यांमधून बोटांपर्यंत पोहोचते. ज्या शिरेविषयी आपण बोलतो आहोत ती रक्ताची नव्हे, संवेदना वाहून नेणारी आहे.

विहिरीवरचा रहाट आठवा. दोर कितीही चांगला असला, तरी तो दिवसभर एकाच जागी घासत राहिला तर तिथेच त्याचे धागे निघतात. कंडरांचेही तसेच होते. फरक एवढाच की आपले शरीर रात्रीतून ती झीज भरून काढते. दिवसाची झीज रात्रीच्या भरपाईपेक्षा जास्त झाली की दुखणे साठू लागते. कंडरांभोवतीचे वेष्टण सुजते, बोगद्यात जागा कमी पडते आणि शीर दाबली जाते. एकच हालचाल पुन्हा पुन्हा केल्याने होणाऱ्या या दुखण्यांना डॉक्टर ‘रिपिटिटिव्ह स्ट्रेन इंज्युरी’ म्हणतात. आपण त्याला ‘एकसारख्या कामाचा ताण’ म्हणू.

यात पडणे, लचकणे, मार लागणे असे काही घडलेले नसते. म्हणूनच रुग्णाला सांगता येत नाही की दुखणे कधी सुरू झाले. घरातलेही म्हणतात, “काही लागलं नाही, मग दुखतंय कसं?” अशा वेळी दुखणाऱ्या बाईवर आळसाचा आरोप व्हायला वेळ लागत नाही.

तीनशे वर्षांपूर्वीचा एक प्रश्न

इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या १७१३ सालच्या वाढीव आवृत्तीत लेखनिकांच्या दुखण्यांविषयी एक प्रकरण आहे. सतत एका जागी बसणे, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण, ही तीन कारणे त्याने सांगितली. दिवसभर लिहून हात बधिर झालेल्या लेखनिकांचे वर्णन त्याने केले आहे. वैद्याने रुग्णाला नेहमीचे प्रश्न तर विचारावेतच, पण आणखी एक प्रश्न विचारावा, असा त्याचा आग्रह होता: तुम्ही काम काय करता?

या पाठाचा गाभा हाच प्रश्न आहे. दुखण्याची जागा पाहण्याआधी काम विचारा. आणि ‘शेती’, ‘मजुरी’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. काम करून दाखवायला सांगा.

आपल्या भागात हे काम हंगामाप्रमाणे बदलते. आवणीच्या दिवसांत अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत रोप धरून चिखलात खोचायचे, दिवसभर. कापणीला विळ्याची मूठ घट्ट आवळून मनगट करंगळीकडे वळवायचे. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. तिथे मजुरी हजार विटांवर मोजतात. साचा एका विटेचा असेल, तर हजार विटांसाठी तो हजार वेळा भरावा, थापावा आणि पालथा करावा लागतो. विक्रमगड-जव्हारकडे मोगऱ्याच्या कळ्या पहाटे खुडतात. एक किलो कळ्या म्हणजे काही हजार वेळा केलेली चिमटी. बांबूकामात पट्टी तासताना एक मनगट दाबते आणि दुसरे ओढते. शिवणवर्गात कात्री, वारली चित्रात बारीक काडी. हे सगळे झाल्यावर घरचे पाणी, भाकरी, धुणे आणि कडेवरचे मूल आहेच. बाईच्या मनगटाचा दिवस कामावरून परतल्यावर संपत नाही.

कसे ओळखावे

तीन प्रकार नेहमी दिसतात.

पहिला, अंगठ्याच्या बाजूचा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखते. भाकरीचा तवा उचलताना, कपडा पिळताना, मूल उचलताना चमक निघते. अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीकडे झुकवले की तीव्र कळ येते. स्वित्झर्लंडचे शल्यविशारद फ्रिट्झ द केर्व्हां यांनी १८९५ साली या दुखण्याचे वर्णन केले. नुकत्याच बाळंत झालेल्या आयांमध्ये हे फार आढळते, कारण बाळाला काखेत अंगठे घालून उचलण्याची हालचाल दिवसातून अनेकदा होते.

दुसरा, बोगद्यात शीर दाबली जाण्याचा, म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोम. यात अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात. करंगळी सहसा सुटते. रात्री झोपेतून जाग येते आणि हात झटकला की थोडे बरे वाटते. “रात्री हात झटकावा लागतो का?” हा एक प्रश्न विचारलात तरी पुष्कळ कळते. दोन्ही हातांचे पाठचे भाग एकमेकांना टेकवून, बोटे खाली सोडून एक मिनिट धरायला सांगा. मुंग्या वाढल्या तर शंका घ्या. गरोदरपणात, मधुमेहात आणि थायरॉइडची ग्रंथी मंद असताना हा त्रास अधिक होतो. पुढे हातातून वस्तू निसटू लागतात आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा खपाटीला जातो. ही उशिराची खूण आहे. इथपर्यंत थांबू नये.

तिसरा, मनगटाच्या पाठीकडून कोपरापर्यंत जाणारा. हात भरून येतो, मूठ आवळवत नाही. काही वेळा मनगट हलवताना बारीक करकर जाणवते.

प्रत्येक दुखणे ताणाचे नसते

हा भाग कृपया दोनदा वाचा.

हात बधिर आहे आणि अंगावर कुठे फिकट किंवा लालसर चट्टा आहे, त्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही, किंवा करंगळी आणि अनामिका वाकू लागली आहे, तर कुष्ठरोगाची तपासणी झालीच पाहिजे. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पूर्ण होतात आणि लवकर सुरुवात केली तर हात वाकडा होत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा. केवळ मुंग्या येतात म्हणून एखादीला ‘मोठा रोग’ झाला अशी कुजबुज पाड्यात सुरू होते आणि भीतीने ती बाई हात पदराखाली लपवते. दोन्हींवर इलाज एकच: तपासणी.

आपल्या भागात सिकलसेलही आढळतो. मुलाचे हातपाय सुजून दुखत असतील, वारंवार अंगदुखीचे झटके येत असतील, तर रक्त तपासून घ्यावे. सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटे बराच वेळ आखडलेली राहतात, सांधे सुजतात, तर तो संधिवात असू शकतो. ताप, लाली, पू, पडल्यानंतरची सूज, अचानक गेलेली शक्ती, यांपैकी काहीही असेल तर पाठ बाजूला ठेवा आणि रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

आणखी एक विनंती. दुखऱ्या मनगटावर बिब्बा लावू नये आणि डागू नये. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, आणि आतली शीर मात्र होती तशीच दाबलेली राहते. निर्गुडीच्या पाल्याचा कोमट शेक आवडत असेल तर हरकत नाही, पण बधिर हाताला चटका कळत नाही. म्हणून शेक आधी दुसऱ्या, चांगल्या हाताने तपासून घ्यावा. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज, तेही उपाशीपोटी, घेऊ नयेत. गरोदर बाईने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

“विश्रांती घ्या” म्हणण्यापूर्वी

पुस्तकात पहिला उपाय विश्रांती असा असतो. तो खरा आहे. पण भट्टीवर उचल घेऊन गेलेल्या जोडप्याला “महिनाभर हात वापरू नका” असे सांगितले, तर ते मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी साचा हातात घेतात. त्यांचे चुकत नाही. उचल फिटायची असते. म्हणून मी आता विश्रांतीऐवजी चार बदल सांगते. हात थांबवता येत नसेल तर हाताचे काम बदलता येते.

१. धार. बोथट विळा, बोथट कोयता आणि बोथट कात्री यांचा सगळा भार मनगटावर येतो. धार चांगली असेल तर तेच काम कमी जोरात होते. कामाला बसण्यापूर्वी आणि दुपारी पुन्हा धार लावावी.

२. मूठ. बारीक मूठ घट्ट आवळावी लागते. विळ्याच्या किंवा तासणीच्या मुठीवर जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून ती थोडी जाड करावी. वारली चित्र काढणाऱ्यांनीही काडीवर कापड गुंडाळून पाहावे. चिमटी सैल पडते आणि रेघ बिघडत नाही.

३. मनगट सरळ. वाकलेल्या मनगटाने जोर लावला की बोगदा आणखी चिंचोळा होतो. शिवणाचे टेबल किंवा बांबूकामाचा पाट इतक्या उंचीवर असावा की कोपर अंगाजवळ राहील आणि मनगट सरळ राहील. हंडा काठाला चिमटीत धरून उचलू नये, दोन्ही तळवे बुडाखाली घालावेत. बाळालाही तसेच, तळव्यांवर घेऊन उचलावे. कपडा हाताने पिळण्याऐवजी खांबाला किंवा नळाला वेढा देऊन पिळावा. उन्हाचे दिवस असतील तर न पिळताच वाळत घालावा. विटांची माती नीट मऊ मळलेली असावी आणि साच्यात दर वेळी रेती भुरभुरावी, म्हणजे वीट सुटायला हिसका द्यावा लागत नाही.

४. पालट. हे सर्वांत महत्त्वाचे. अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटे हात मोकळे सोडावेत, मुठी दहा वेळा हळूच उघडाव्यात-मिटाव्यात, खांदे फिरवावेत. आणि तासा-दोन तासांनी कामच पालटावे. हाताच्या कामानंतर पायाचे काम, चिमटीच्या कामानंतर डोक्यावरचे काम.

रात्री मुंग्या येत असतील तर झोपताना मनगटाला आधाराची पट्टी बांधावी. ती दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात मिळते. मिळेपर्यंत बांबूच्या गुळगुळीत पट्टीला जाड कापड गुंडाळून ती अर्ध्या तळहातापासून कोपराच्या अलीकडे अर्ध्या हातापर्यंत ठेवावी आणि सैलसर बांधावी. मनगट सरळ, बोटे मोकळी. बोटे गार पडली, निळसर झाली किंवा सुजली तर लगेच सोडावी. साधारण सहा आठवडे रोज रात्री असे करून पाहावे. फरक पडला नाही, बधिरपणा दिवसाही राहू लागला किंवा शक्ती कमी झाली, तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये. काहींना इंजेक्शन लागते, काहींना बोगद्यावरचा पट्टा मोकळा करण्याची शस्त्रक्रिया. ही शस्त्रक्रिया फक्त हात बधिर करून करता येते आणि बहुतेकदा रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

पालट प्रत्यक्षात कसा होतो

सांगणे सोपे आहे. करताना अडते ते मजुरीशी. दोन उदाहरणे देते.

एका पाड्यावरची तरुण बाई भट्टीच्या हंगामात रोज रात्री हात झटकत उठून बसायची. नवरा माती तुडवायचा आणि गोळे करून द्यायचा, विटा ती पाडायची, कारण तिचा हात चपळ होता. मी दोघांना समोरासमोर बसवून काम करून दाखवायला सांगितले. तेव्हा नवऱ्याच्या लक्षात आले की दिवसभरात त्याचे पाय राबतात आणि तिचे फक्त मनगट. त्यांनी सकाळ-दुपार अशी पाळी लावली. सकाळी ती विटा पाडायची, दुपारी तो. दुपारी ती माती तुडवायची. पहिल्या आठवड्यात त्यांच्या विटा कमी भरल्या आणि मुकादम कुरकुरला. नवऱ्याचा हात बसल्यावर आकडा बराचसा भरून आला, पूर्ण नाही. रात्रीच्या पट्टीने आणि या पाळीने तिची झोप परत आली. तिची बोटे अजून थोडी बधिर असतात आणि तिची तपासणी चालू आहे. सगळे बरे झाले असे मी लिहिणार नाही. पण आता तिच्या हातातून पाण्याचा तांब्या निसटत नाही.

दुसरे उदाहरण एका बांबूकाम गटाचे. तिथे नगावर पैसे मिळत. जी भराभर विणते ती जास्त कमावते आणि तिचेच मनगट आधी जाते. गटाने एके दिवशी बसून कामाचे चार भाग केले: फाडणे, तासणे, विणणे, घासून रंगवणे. दर दीड तासाने जागा बदलायची आणि मजुरी सारखी वाटून घ्यायची. यावर भांडण झाले. सर्वांत वेगाने विणणारी म्हणाली, “माझा हात चालतो, मग माझं कमी का?” तिचे म्हणणे खोटे नव्हते. तिला उत्तर गटातल्याच एका वयस्क मावशींनी दिले. त्यांनी आपला उजवा हात पुढे केला. अंगठ्याखालचा उंचवटा बसलेला होता. “माझाही चालायचा,” एवढेच त्या म्हणाल्या. शेवटी गटाने मधला मार्ग काढला. मजुरीचा मोठा भाग सारखा आणि थोडा भाग विणलेल्या नगांवर. हा हिशेब सर्वांना पूर्ण पटलेला नाही, दर दोन-तीन महिन्यांनी त्यावर पुन्हा बोलणे होते. पण जागा बदलण्याचा नियम मात्र कोणी मोडत नाही.

या दोन्ही ठिकाणी मी दिलेले औषध फार थोडे होते. दुखणे हातात होते आणि उपाय कामाच्या वाटणीत सापडला. म्हणून नुसता हात पाहून भागत नाही. कोण कोणते काम किती वेळ करते, आणि पैसे कशावर मोजतात, हे विचारावे लागते.

गटात घ्यावयाचा अभ्यास

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत पंधरा-वीस मिनिटे या पाठाला द्यावीत. प्रत्येकीला पाच प्रश्न विचारावेत:

• या हंगामात तुमचा हात सर्वांत जास्त वेळ कोणती हालचाल करतो? करून दाखवा.
• दुखते कुठे? बोटाने दाखवा.
• रात्री हात झटकावा लागतो का? हातातून वस्तू निसटते का?
• अंगावर न कळणारा चट्टा आहे का?
• ते काम दिवसातून काही वेळ दुसरे कोण करू शकेल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले किंवा वस्तू निसटत असेल, तर नाव आशाताईंकडे द्यावे. चट्ट्याचा प्रश्न सर्वांसमोर न विचारता एकेकीला बाजूला घेऊन विचारावा. आणि पाचव्या प्रश्नाला घरातल्या पुरुषांनाही बोलवावे. ते असले म्हणजे उत्तर लवकर मिळते.

शहरातील हितचिंतक आम्हाला विचारतात की दुखणाऱ्या हातांसाठी काय पाठवू? बरेचजण मलमाच्या बाटल्या पाठवतात. त्यांचा भाव मोलाचा आहे आणि मलमाने घटकाभर बरेही वाटते. पण पुढच्या वेळी शक्य असेल तर धारेचे दगड, मोठ्या मुठीच्या चांगल्या कात्र्या आणि मनगटाला बांधायच्या पट्ट्या पाठवाव्यात. कापणी तोंडावर आली आहे. त्याआधी प्रत्येक पाड्यावर निदान एक धारेचा दगड पोहोचावा, एवढी या तिमाहीची आमची यादी आहे.